मटणातली घोळ
ड्राइव्हवेच्या भेगेत आज घोळ उगवलेली दिसली. पान चुरगळलं आणि त्या हिरवट, आंबूस वासाबरोबर टेक्सासमधला तो उन्हाळा आठवला. माझ्या रूममेटला ऑफिसातल्या एकाने शिकारीतलं रानडुकराचं मटण दिलं होतं. अपार्टमेंटमध्ये वास नको म्हणून आम्ही तळ्याकाठी तीन दगड मांडून पातेलं चढवलं. काठावरची घोळ खुडत तो म्हणाला, "बाबा मटणात हीच घालतात यार, मस्त आंबटपणा येतो." व्हिसाच्या भानगडीत त्याने बाबांना चार वर्षं पाहिलं नव्हतं. त्याचा फोन गाडीत चार्जिंगला होता, उचलला गेला नाही म्हणून त्याच्या थोरल्या भावाने मला कॉल केला. मी बाजूला जाऊन जेवण शिजतंय एवढंच सांगितलं. "बाबा गेले. त्याला आधी जेवू दे, मग सांग. नंतर त्याच्या पोटात काही जायचं नाही." पातेल्यात काय शिजतंय ते भावाला ठाऊक नव्हतं, आणि मला ते सांगवलं नाही. सुतकात मटण. पातेलं कलंडवून द्यावं असं वाटलं, पण हात उचलला नाही. तो दोनदा वाढून घेऊन जेवला, बोटं चाटली आणि म्हणाला, "गाडीतून फोन आण रे, बाबांना दाखवतो." तेव्हा सांगितलं. त्याने खरकट्या हाताकडे बघितलं. मग विचारलं, "तुला कधी कळलं?" मी म्हणालो, "आत्ताच." त्या दिवसापासून त्याने मटण सोडलं. आजही फोनवर बोलता बोलता तो मध्येच विचारतो, "तुला नक्की जेवण झाल्यावरच कळलं ना?" आणि मी हो म्हणतो.