आक्कांची रडायची जागा

माणसांना रडवणारी माणसं मी पुष्कळ बघितली, पण जागा दाखवून, परवानगी देऊन रडवणारी बाई आमच्या आक्कांशिवाय दुसरी बघितली नाही. पुण्याच्या विमानतळावर पोराला सोडून घरची माणसं माझ्या गाडीत बसायची. कुणाच्या घशात हुंदका, कुणाच्या तोंडात पदर. आक्का मधल्या सीटवरून दम भरायच्या, "कुणी रडायचं न्हाय. अजून हद्द संपली न्हाय." मग हवाई दलाची काटेरी तारांची लांबलचक भिंत मागं पडायची आणि एक रसवंती लागायची. तिथं माझ्या खांद्यावर थाप. "बाळू, घे गाडी बाजूला. उतरा समदी. आता रडा काय रडायचं हाय ते."

आणि खरंच सांगतो, माणसं रडायची! चांगली मोकळी होऊन रडायची. पहिल्या खेपेला रसवाला बिचारा घाबरला, त्याला वाटलं कुठल्या मयतालाच निघालेत. पुढं त्याला सवय झाली. आमची गाडी दिसली की चरक बंद करून तो गप उभा राहायचा. आक्का एकेकाच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि सगळ्यांचं आवरलं की म्हणायच्या, "झालं न्हवं? आता रस प्या. घसा वाळला असंल."

मी कोल्हापुरात भाड्याची गाडी चालवतो. आक्का आमच्याच गल्लीतल्या. आमच्या गावाला विमानतळ आहे, पण दुबई-बिबईला जायचं म्हटलं की गल्लीतली माणसं पुण्याची वाट धरतात. जाणारा एक आणि पोचवणारे गाडी भरून, ही आमच्याकडची रीत. एस. टी. स्टँडवर पोचवायला जे दहाजण जात होते तेच आता विमानाला जातात, एवढाच काय तो फरक. त्यात आक्का हव्यातच. गाडी ठरवायला आलेला माणूस आधी "आक्कांना विचारलंस का?" म्हणायचा आणि मग भाड्याचं बोलायचा. आक्का वारून आता वर्ष होत आलं. मधली सीट रिकामी राहत नाही, पण गाडी मला रिकामी वाटते, काय करू?

न रडायचा कायदा त्यांना मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, घालून दिला होता. मालक फौजेत हवालदार. रजा संपवून निघाले की सांगायचे, लष्कराच्या जागेत घरच्या बाईनं रडायचं नाही, बघणारी शिपाई पोरं ढिली पडतात. मालक पुढं घरीच आजारानं गेले, पण कायदा राहिला. पुण्याचा विमानतळ म्हणजे हवाई दलाचाच तळ, हे कळल्यावर आक्कांनी तो कायदा तिथं लागू करून टाकला. मी एकदा समजावायला गेलो, "आक्का, आपण उभं राहतो तो भाग साध्या माणसांचा हाय. लष्कराचं पलीकडं हाय."

"धावपट्टी कुणाची?"

"हवाई दलाची."

"मग घर कुणाचं? ह्यो तुझा काचंचा विमानतळ म्हंजे भाडेकरू हाय, बाळू. मालकाच्या दारात भाडेकरूनं गळा काढायचा असतोय व्हय?"

मी गाडीला किल्ली लावली.

माझी बहीण नवऱ्याबरोबर मस्कतला निघाली, तेव्हाची गोष्ट. आमच्या आईनं ऐन गेटासमोर डोळ्याला पदर लावला. बंदूकवाला जवान जवळ आला, भला माणूस होता, म्हणाला, "क्या हुआ माताजी?" आक्का पुढं झाल्या आणि त्यांच्या खास हिंदीत म्हणाल्या, "कुछ न्हाय साहेब, आँख में कांदा गया." विमानतळावर कांदा कुठनं आला, हे त्यानंही विचारलं नाही. उलट हसत पाण्याची बाटली देऊन गेला. आईला इतकं हसू आलं की रडणं राहूनच गेलं. परत येताना रसवंतीवर आक्कांनी तिला आठवण करून दिली, "तुजं ऱ्हायलंय की गं." मग आई रडली.

अशी ही बाई. गल्लीतल्या कितीतरी घरांचं रडणं त्यांनी भिंतीबाहेर आणून सोडलं. त्यांच्या स्वतःच्या घरात त्या आणि महेश, एवढी दोनच माणसं. महेश एमआयडीसीत मशीनवर कामाला होता, हात चांगला. त्याला दुबईच्या एका वर्कशॉपमधून बोलावणं आलं आणि आक्का पार बदलल्या. नको म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. महेशच्या बॅगेत कांदा-लसणाची चटणी, भडंग, सगळं भरलं. मी गाडीचं विचारायला गेलो तर म्हणाल्या, "समद्यांची पोरं पोचवली मी. माझं मी न्हाय पोचवणार. तू जा घिऊन."

महेश आईवेगळा कधी राहिला नव्हता. तो मला म्हणाला, "दादा, आई आली न्हाय तर मी गेटातनं माघारी येणार बघ." आणि तो आला असता, शंभर टक्के. वर्कशॉपवाला काय त्याची वाट बघत बसणार होता? आलेली नोकरी गेली असती. मी ते आक्कांच्या कानावर घातलं.

निघायच्या सकाळी बघतो तर आक्का इस्त्रीचं लुगडं नेसून मधल्या सीटवर बसलेल्या. कराडला चहा समोर धरला, तो गार झाला. महेश पाठीमागं वळून वळून त्यांच्या तोंडाकडं बघायचा आणि मी आरशातून दोघांकडं. एवढा अवघड प्रवास माझ्या गाडीनं कधी केला नसेल.

विमानतळावर महेश पाया पडला. आक्का एवढंच म्हणाल्या, "येळंवर जेव." तो ढकलगाडी घेऊन रांगेत लागला. रेलिंगच्या अलीकडं मी आणि आक्का. रांग पुढं सरकली, त्याच्या पुढं एकच माणूस उरला आणि हा पठ्ठ्या सामान तिथंच टाकून रेलिंगपाशी परत आला. डोळे भरलेले. म्हणाला, "आई, तू नुस्तं म्हण. तू म्हणालीस तर मी न्हाय जात. आत्ता गाडीत बसतो."

आक्कांचे ओठ थरथरायला लागले. आणि त्याच वेळी पलीकडनं हवाई दलाची लढाऊ विमानं उठली. तो आवाज ज्यानं ऐकलाय त्यालाच ठाऊक. काचा थरथरतात, छातीत धडधडतं. सगळ्यांनी कानावर हात ठेवले आणि माना वर केल्या. महेशनंही केली.

आक्कांनी वर बघितलं नाही. त्यांनी माझा दंड गच्च धरला, माझ्या खांद्यात तोंड खुपसलं आणि मोठ्यानं गळा काढला. हवाई दलाच्या दारात, ऐन हद्दीत! एवढ्या जवळ होत्या म्हणून त्या गदारोळातही मला शब्द न् शब्द ऐकू आला. "म्हेशा, जाऊ नगंस रं! मी एकलीनं काय करू? जाऊ नगंस!"

आवाज विरत गेला. लोकांचे हात खाली आले. महेशनं मान खाली घेतली तोवर आक्का सरळ उभ्या होत्या, चेहरा पदरानं स्वच्छ पुसलेला.

"जा की," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "थांबलाईस काय? मागं माणसं खोळंबल्यात."

महेशनं आईच्या तोंडाकडं नीट बघितलं. मग हसला, सामानाकडं पळाला, कागद दाखवले आणि आत गेला.

तो दिसेनासा झाल्यावर आक्कांनी माझा दंड सोडला. मग हळूच विचारलं, "बाळू, मघाशी मी काय म्हनलं ते ऐकलंस?"

"न्हाय आक्का," मी म्हणालो. "विमानं किती आवाज करालती."