उलटवाटेची दोरवळी

भांडण झालं तेव्हा ती शाळकरी पोर होती, वाखाच्या ढिगामागे बसून ऐकत होती. वाख म्हणजे ज्याचा दोर वळतात तो तंतू. त्यांच्या घरात माणसांपेक्षा वाखालाच जागा जास्त, त्यामुळे लपायची सोय उत्तम. नुकताच गणतीवाला दारात येऊन गेला होता. घरात माणसं किती, धंदा काय, असं विचारत. धंदा विचारल्यावर तिच्या वडिलांनी सांगितलं, "मजूर लिहा." गणतीवाल्याची पाठ वळली आणि आजोबांनी तोंड उघडलं.

"मजूर? कोणाचा रे मजूर तू? आपण कधी कोणाच्या दारी घमेली उचलायला गेलो?"

"दोरवळे सांगून काय पदरात पडलं, बाबा? शाळेत पोरांना भुतं म्हणतात. उलट्या पायांची!"

"म्हणू देत. भुताला निदान लोक घाबरतात तरी. मजुराला कोण घाबरतं?"

"अख्ख्या गल्लीने मजूरच सांगितलंय. मीच काय एकटा कपाळावर गोंदवून घेऊ?"

"म्हणजे सगळ्यांनी मिळून गळफास घेतलात," आजोबा म्हणाले. "चला, दोर तरी घरचाच आहे."

पोरं भुतं म्हणायची, त्याला कारण होतं. दोर वळताना एक जण चाकाची मूठ फिरवतो. दुसरा कमरेला वाख खोचून, बोटांतून सोडत सोडत, मागे मागे चालत जातो. जेवढं मागे चालाल, तेवढा लांब दोर. म्हणून या लोकांनी गल्ली बांधली ती ताणलेल्या सुतासारखी सरळ. एक वळण नाही, मध्ये एक ओटा नाही. पिढ्यान्पिढ्या माणसं तिथून पाठीमागे चालत गेली, म्हणून गावाने तिला नाव दिलं उलटवाट. आजोबांचं म्हणणं, होड्यांना दोर लागत तेव्हा या लोकांना कुठून तरी लांबून बोलावून इथे वसवलं. कुठून, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मग बाजारात प्लास्टिकचा दोर आला. गल्लीतले लोक कोणी ड्रायव्हर झाले, कोणी शिंपी, कोणी शाळेत मास्तर. ती मात्र नवरा गेल्यावर माहेरच्या घरी परत आली, आजोबांच्या चाकाला तेल घातलं आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या वळायला बसली. शेजारची शिंपीण मूठ फिरवायची, ही मागे चालायची. गल्लीतली लहानथोर सगळी तिला आत्या म्हणायची. भाच्यांचं ऐकून म्हाताऱ्यांनाही तीच सवय लागली.

मास्तर झाला तो तिचा सख्खा धाकटा भाऊ. गल्लीच्या मंडळाचा सचिवही तोच. एक दिवस तो पायरीवर येऊन उभा राहिला. आत यायचं नसलं की तो तसा उभा राहायचा.

"ताई, गल्लीचं नाव बदलतोय. प्रगती मार्ग."

"कोण बदलतंय?"

"सगळेच. अर्ज मी लिहिलाय."

"वा! घर फिरलं की घराचे वासे फिरतात. इथे वासाच आधी फिरला."

"मुलीला बघायला येणारी माणसं पत्ता ऐकूनच हसतात. तुला काय, तुझं सगळं होऊन गेलंय. हरकत असेल तर कचेरीत पुराव्यानिशी दे. तुझ्यासाठी नियम वेगळा नाही."

"नको वेगळा. आहे तोच दे."

ती दुसऱ्या दिवशी कचेरीत गेली, उलटवाटेवर दोरवळे राहत होते याचा पुरावा शोधायला. जुन्या दप्तरांच्या खोलीतला कारकून भला माणूस होता. शिंकत शिंकत त्याने एकेक बाड खाली काढलं. गावात चुनेभट्टी नावाचा रस्ता होता. आता तिथे चिमूटभर चुना मिळायचा नाही, पण चुनेवाले दप्तरात सापडले. नावाडीपार होता, त्याचे नावाडीही सापडले. उलटवाटेचं पान उघडलं आणि कारकून बोट फिरवत खाली जाऊ लागला. मजूर. मजूर. मजूर. शेवटी तिच्या वडिलांचं नाव आलं. पुढे मजूर.

"आत्या, कागदावर दोरवळे या गावात कधी नव्हतेच," तो म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका."

"वाईट कशाला वाटेल? आम्हीच आम्हाला पुसलंय. कोणा परक्याने पुसलं असतं तर त्याच्या नावाने बोटं मोडता आली असती. हे दुरुस्त कसं होतं तेवढं सांग."

दुरुस्तीला सगळ्या वारसांची सही लागते, असं त्याने सांगितलं. सगळे म्हणजे दोघंच. ती आणि मास्तर.

ती सरळ भावाच्या घरी गेली. "सही कर. बापाचा धंदा दोर वळणं होता, एवढंच लिहिलंय."

"ताई, ते पान आता कोण बघणार आहे?"

"मग सही करायला तुझं काय जातं?"

यावर मास्तराने चष्मा पुसला. पुसलेला चष्मा परत पुसला. सही काही केली नाही.

"बरं," ती उठली. "माझ्या जिवात जीव आहे तोवर त्या वाटेवर दोर वळला जाईल. तू पाटी लाव."

पाटीचा समारंभ ठरला. गल्लीच्या तोंडाशी टेबल, माईक, पाटीवर पडदा. पाहुणे मोटारीतून यायचे होते. आत्याने त्याच सकाळी चाक बाहेर काढून टेबलाशेजारी मांडलं आणि मूठ शिंपिणीच्या हाती दिली. वाखाचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवलं, बाकीचा कमरेला खोचला आणि गल्लीच्या बरोब्बर मधून मागे चालायला लागली. मोटार आली तेव्हा ती पार दुसऱ्या टोकाला पोचली होती आणि दोर अख्ख्या गल्लीभर ताणलेला.

"आत्या, बाजूला घ्या!" मंडळाची माणसं ओरडली.

"मोटारीला थांबता येतं," ती तिकडून ओरडली. "दोराला येत नाही."

पाहुण्यांनी काच खाली केली आणि शिंपिणीचा धीर सुटला. तिने मूठ सोडली आणि पदर सावरत घरात पळाली. चाक मंदावलं. दोराला लागणारा पीळ थांबला, दोर मध्येच गुंता धरायला लागला. आत्याची पाठ त्या बाजूला नव्हती, तोंडच होतं, पण अंतर एवढं की तिला नुसता दोर कळत होता.

"चाक कोणी सोडलं?" ती कडाडली. थेट आजोबांच्या आवाजात.

मास्तर माईकपाशी होता. हातात भाषणाचा कागद. हाक ऐकली आणि त्याने कागद टाकला, दोन ढांगांत चाक गाठलं आणि मूठ धरली. विचार करायला वेळच कुठे होता? लहानपणी या हाकेनंतर एक क्षण उशीर झाला की पाठीत धपाटा बसायचा. हात आपोआप लयीत फिरायला लागले. दोर पुन्हा ताठ झाला.

मंडळाची माणसं बघतच राहिली. त्याची मुलगी पुढे आली. "बाबा, तुम्हाला येतं हे?"

मास्तराने चाक थांबवलं नाही. थांबवता येतच नव्हतं. "येतं," तो म्हणाला. "आमच्या घरचं काम आहे."

दोर पुरा झाल्यावर मोटार आत आली. पडदा बाजूला झाला, टाळ्या पडल्या, प्रगती मार्गाची पाटी लागली ती लागलीच. एकदा मंजूर झालेलं साहेबसुद्धा माघारी घेत नाहीत. आत्या म्हणाली, "राहू दे. पाटीला गंज चढतो." पण दुसऱ्या दिवशी मास्तर कचेरीत गेला आणि सही करून आला. कारकुनाने वडिलांच्या नावापुढचा शब्द छेदून वर लिहिलं, दोरवळे. मग आपापल्या घराचं पान दुरुस्त करायला ड्रायव्हर आला, म्हातारा शिंपी आला. काही आले नाहीत, ते आत्याला बघून रस्ता बदलायचे. ती मुद्दाम हाक मारून तब्येत विचारायची.

पुढे बरीच वर्षं तिने हरकतीचे अर्ज चालूच ठेवले. सुंभ जळलं तरी पीळ जळत नाही, असं मास्तर कौतुकाने म्हणायचा आणि अर्ज त्याच्याच अक्षरात असायचे.

ज्या आठवड्यात ती वारली, त्या आठवड्यातही दवाखान्याच्या धोबीखान्याला दोरी पोचवायची होती. तिने वेटोळं खांद्यावर टाकलं आणि चालत गेली. तिथला भांडारवाला नवा होता. त्याने माल आल्याची नोंद करायला घेतली.

"पत्ता? प्रगती मार्ग ना?"

"उलटवाट."

"पाटीवर तर प्रगती मार्ग आहे, आजी."

"मग पाटीकडून घे दोरी."

तो हसला. "दोन्ही लिहू का?"

"एकच लिही. शाई कशाला वाया घालवतोस?"

त्याने लिहिलं. तिने वही आपल्याकडे फिरवून अक्षरं लावून वाचली, वेटोळं फळीवर ठेवलं, पुढची दोरी कधी हवी ते विचारून घेतलं आणि पायऱ्या उतरली.