दादाने न ऐकलेली तबकडी

नोकरीसाठी रोटरडॅमला जायला मी जबलपूर सोडलं त्या दुपारी मदन महल स्टेशनावर बाबा माझ्या बॅगांच्या कुलपांशी झटापट करत होते आणि आई पुन्हा पुन्हा सांगत होती, "पोचल्यावर पहिले जेवजो, मग फोन करजो." मुंबईची गाडी इथं जेमतेम थांबते. मी डब्यात चढून खिडकीशी आले, तर बाहेर दादा गज धरून उभा. माझ्याहून बराच मोठा, रेल्वेच्या ऑफिसात कारकून, डोळे लाल झालेले. वाटलं, आता मनातलं काही बोलेल. तो म्हणाला, "छोटी, तिकडे जुन्या रेकॉर्डची दुकानं असतात. 'लास्ट फेरी टू मांडवा'. नाव ध्यानात ठेवजो." गाडी हलली. रडू यायच्या जागी मला हसू आलं, पण ते इटारसीपर्यंतही पुरलं नाही.

ज्यांना आमचं घर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शेजारी लायनेल अंकल राहायचे. अँग्लो-इंडियन, रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिन ड्रायव्हर. संध्याकाळी व्हरांड्यात बसून सॅक्सोफोन वाजवायचे. दादाची बी.कॉम.ची परीक्षा होती, म्हणून आईने त्याला पाठवलं, "जा, जरा बंद करायला सांग." तो परतला तो जेवणाच्या वेळी. आईने विचारलं, "सांगायला गेला होतास की राहायला?" त्या संध्याकाळी त्याने पहिल्यांदा जॅझ ऐकलं होतं. पुढं तो रोजच जाऊ लागला. आई म्हणायची, "त्या नळीत कोणीतरी घसा खाकरून राहिलं असं वाटते मला."

रेल्वेत लागण्याआधी अंकल काही वर्षं मुंबईच्या हॉटेलांत वाजवत होते. तिथल्या पाच वादकांनी मिळून एक तबकडी काढली, तीच ही 'लास्ट फेरी टू मांडवा'. थोड्याच प्रती निघाल्या आणि विसरल्या गेल्या. अंकलची स्वतःची प्रत कुणीतरी ऐकायला म्हणून नेली, ती परत आलीच नाही. तिच्यातली शेवटची धून ते व्हरांड्यात वाजवून दाखवायचे आणि थांबून म्हणायचे, "रेकॉर्ड में इससे अच्छा है, बेटा. तब मैं जवान था."

मग त्यांची मुलगी त्यांना ऑस्ट्रेलियाला घेऊन गेली. जाताना त्यांनी जॅझच्या तबकड्यांची पेटी दादाच्या हवाली केली. त्या पेटीत सगळं होतं, ती एक सोडून. काही वर्षांनी ते तिकडेच वारले.

दादा ती शोधत राहिला. रेल्वेच्या पासवर तो कलकत्त्याला जाऊन यायचा, इटारसीच्या भंगारवाल्यांशी त्याची ओळख. मांडवा मिळाली नाही, पण दुसऱ्या तबकड्या येत गेल्या. जबलपूरच्या उन्हाळ्यात त्या वाकू नयेत म्हणून घरातला एकुलता एक कुलर त्यांच्या खोलीत. बाबा चिडायचे, "माणसं घामाघूम अन् तव्यांना हवा!" लग्न होऊन आलेल्या वहिनींनी पहिल्या उन्हाळ्यात ओल्या टॉवेलने वारा घेतला, दुसऱ्या उन्हाळ्यात सरळ आपली गादी उचलून तबकड्यांच्या खोलीत नेली.

रोटरडॅमला आल्यावर पहिला हिवाळा मला सोसवेना. ऑफिसात सगळे चांगले होते, पण पाचला सगळे घरी. शनिवारी मी ट्रामने एका जुन्या तबकड्यांच्या दुकानात जायचे, दादाचं काम म्हणून. इथं डच भाषेत तबकड्यांना प्लाटेन म्हणतात. दादाला तो शब्द फार आवडला. "प्लाटेन! म्हणजे आपल्या ताटल्याच." दुकानदार उंच, अबोल, म्हातारा. मी दारात दिसले की "मांडवा!" म्हणायचा आणि नकारार्थी मान हलवायचा. त्या शहरात मला पाहून कुणी काही बोलावं अशी तेव्हा ती एकच जागा होती. तबकडी मिळाली असती तर मी तिथं जाणं थांबवलं असतं का, कोण जाणे.

रविवारी फोनवर दादा सगळं विचारून झाल्यावर विचारायचा, "अन् मांडवा?" "नाही रे." "अच्छा. निघेल. अशा रेकॉर्ड पुन्हा काढून राहिले लोक आजकाल." वर्षांमागून वर्षं गेली. आई गेली, मग बाबा गेले. दोन्ही वेळा मी पोचले तेव्हा घरात पाहुणे चहा पीत होते. आपल्यापैकी जे जे दूर गेले त्यांना हे पोचणं माहीत असेल. दोन्ही वेळा दादाने दार उघडलं आणि माझ्या हातातली बॅग घेतली, म्हणून मी उंबरा ओलांडू शकले.

आणि एका शनिवारी त्या म्हाताऱ्याने मान हलवली नाही. त्याने मला कॉम्प्युटरपाशी बोलावलं. विसरलेल्या तबकड्या नव्याने काढणारी एक छोटी कंपनी 'लास्ट फेरी टू मांडवा'चा रीइश्यू करणार होती. मी दुकानाबाहेर येऊन वाऱ्यातच दादाला फोन लावला. बातमी सांगितली. मग मला त्याचा आवाज लांबून ऐकू आला. फोन हातात धरूनच तो वहिनींना हाका मारत घरभर फिरत होता, "अगं, निघून राहिली! अंकलची निघून राहिली!"

पण ती निघता निघेना. आधी वादकांच्या वारसांची परवानगी, मग कव्हरचा फोटो, मग तबकड्या छापणाऱ्या कारखान्यातली रांग. प्रत्येक वेळी नवी तारीख. दादा म्हणायचा, "चलो, इतके वर्ष थांबलो, अजून थोडं." त्याच काळात त्याचं हृदय थकत चाललं होतं. जिना चढणं बंद झालं, मग फाटकापर्यंत जाणं. फोनवर वाक्याच्या मधे श्वास घ्यायला तो थांबायचा आणि मी इकडे हातातलं काम सोडून तो श्वास ऐकत बसायचे.

मला धीर निघेना. मी कंपनीच्या मालकाला सगळं लिहून कळवलं. त्या भल्या माणसाने अख्ख्या तबकडीचा आवाज मला पाठवून दिला. मी न ऐकताच तो दादाच्या मोबाइलवर पाठवला.

"काहून पाठवलंस?" तो म्हणाला.

"ऐक ना आता. तारखेचं काही खरं नाही."

"मोबाइलवर नको गं. अंकलला असं डबीतून ऐकू? नवीन सुई आणून ठेवली आहे मी. तू रेकॉर्ड घेऊन ये, आपण सगळे बसून ऐकू." मग एक श्वास. "रिकाम्या हाताने नको येऊ हं."

नवीन तारखेच्या हिशोबाने मी तिकीट काढलं. तारीख पुन्हा पुढे गेली. ती येण्याआधी, थंडीतल्या एका सकाळी, दादा गेला.

तबकडी वसंतात आली. मी ती मांडीवर घेऊन विमानात बसले, वरच्या कप्प्यात ठेवायचा जीव झाला नाही. जबलपूरला दार वहिनींनी उघडलं. बॅग माझ्याच हातात राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी तबकड्यांच्या खोलीत बसलो. दादाचा मुलगा नोकरीवर गेला होता. मी कव्हरवरचं प्लास्टिक काढलं. पाच तरुण, समुद्राकडे पाठ करून उभे. डावीकडून दुसरे लायनेल अंकल, दाट केसांचे. वहिनी फोटोकडे पाहत म्हणाल्या, "ताई, ह्यांनी ऐकलं होतं थोडंसं."

"कधी?" मी विचारलं.

"दवाखान्यात. आदल्या दिवशी. मला म्हणाले, मोबाइल दे. कानाला लावला. मी म्हटलं, आवाज मोठा करू? तर नाही म्हणाले. थोडा वेळ ऐकलं अन् स्वतःच बंद केलं. म्हणाले, बाकीचं छोटी आल्यावर."

मी विचारलं, कुठवर ऐकलं त्याने? त्यांना ते सांगता येईना. सुरुवातच असणार. अंकलची धून तर अगदी शेवटी होती.

मी नवीन सुईने तबकडी लावली. पहिली बाजू संपली, उलटवली. शेवटची धून आली. आधी पियानो, मग ट्रम्पेट, आणि मग अंकल. तरुण, भरल्या छातीचे. ते म्हणायचे ते खरं होतं, रेकॉर्डवर जास्त चांगलं होतं. पण किती थोडं! वहिनींनी पदराने डोळे पुसेपर्यंत त्यांचं वाजवून झालंसुद्धा, आणि बाकीचे चौघे पुढे निघून गेले.

"इतकंच?" वहिनी म्हणाल्या.

"इतकंच."

"ह्याच्यासाठी?" त्यांनी कव्हर उलटं करून ठेवलं. रागावल्या असं मला वाटलं. मग म्हणाल्या, "पुन्हा लावा." मी पुन्हा लावली.

रोटरडॅमला परत येऊन आता काही महिने झाले. शनिवारी त्या दुकानात मी एकदा गेले होते. म्हाताऱ्याने नेहमीसारखी हाक मारली नाही, खुर्ची पुढे केली. मी थोडा वेळ बसून आले. इथं कुणी विचारलं तर मी अजून जबलपूरलाच घर म्हणते, पण म्हणताना आता शब्द जरा पोकळ लागतो. तिकडून काही मागणारा माणूस राहिला नाही.

रविवारी वहिनी फोन करतात. सुरुवातीला खुशाली झाली की दोघींनाही सुचायचं नाही. आमच्या मधे नेहमी दादाच बोलायचा. परवा मीच विचारलं, "वहिनी, पुढच्या वेळी इकडून काही आणू का?"

"सामान काही नको, ताई," त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "मराठीत बोलायला कोणी नाही राहिलं इथं. पोरगा हिंदीतच बोलते, शेजारी हिंदी, भाजीवाला भैया हिंदी. हे होते तोवर ध्यानातच नाही आलं. दिवस दिवस जाते, माझ्या तोंडून एक शब्द नाही निघत आपला."

मी खिडकीशी उभी होते. खाली ट्राम गेली. माझ्याही तोंडून आठवडाभर निघाला नव्हता. मी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, "आज भाजी कोणती केली?" त्या सांगू लागल्या. वांगी कुठून आणली, कशी चिरली, फोडणीत काय घातलं, सगळं सविस्तर. मी एक शब्दही मधे न बोलता ऐकत राहिले.