खालच्या टोकाचा माणूस

लोखंडी कपाट जिन्यावरून वर न्यायला दोन माणसं लागतात. वरचा पाठमोरा चढतो. त्याला पायरी दिसत नाही. खालच्याला कडेने पायऱ्या दिसतात, पण वजन सगळं त्याच्या छातीवर येतं. म्हणून हाक खालच्याने द्यायची, ‘चल’, ‘वळ’, ‘थांब’, आणि वरच्याने मुकाट ऐकायची, अशी रीत आहे. जो वरचा ही रीत पाळत नाही, तो खालच्याची बोटं चिरडतो.

तो बत्तीस वर्षं खालच्या टोकालाच राहिला. बुटका, रुंद खांद्यांचा. खाली तोच शोभायचा. गोदामातल्या लोकांनी त्याचं नावच ‘खालच्या’ पाडलं. कपाटं, तिजोऱ्या, शिलाईयंत्रं, एकदा तर दगडी टेबल, सगळं त्याने चढवलं. ‘थांब’ हा शब्द त्याने स्वतःसाठी कधी वापरला नाही. वरचा दमला तर वापरला. त्याचं त्याला भूषण होतं. गुडघ्यांना नव्हतं.

आज त्याला प्रार्थनेच्या सभागृहात कपाट चढवायचं होतं, दुसऱ्या मजल्यावर. आणि ते झालं की सभागृहाची किल्ली कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून, कुणाला काही न सांगता, घरी जायचं होतं. परत यायचं नाही. खुर्च्या मांडायला नाही, उपासनेलाही नाही. अठरा वर्षं दर रविवारी एकशे दहा खुर्च्या त्याने मांडल्या. दोन रांगांत गुडघा वळेल इतकी जागा, बोटभरही कमी नाही. आता पुरे झालं होतं.

सकाळी बायकोने गुडघ्याला पट्टी बांधून दिली.

“किल्ली खिशात घेऊन कुठे निघालात? आज काही रविवार नाही.”

“ठेवून यायची आहे.”

“ठेवून, की टाकून?”

तिने पट्टीची गाठ जरा जास्तच आवळली.

“परवा तुमच्या भावाने तासभर आभार मानले. दिवा लावणाऱ्याचे मानले, पंखा दुरुस्त करणाऱ्याचे मानले. मला इथे कुणी आणलं ते देव जाणतो, म्हणाला.” ती हसली. “देव जाणतो आणि मी जाणते. तिसऱ्याला पत्ता नाही.”

भाऊ आठ वर्षांनी धाकटा. एकोणिसाव्या वर्षी नुसता खाटेवर लोळत पडलेला असायचा. थोरल्यानेच त्याला दंडाला धरून प्रार्थनेला नेलं होतं. “तासभर बस. नाही रुचलं तर मीच ओढत परत आणतो.” परत आणायची वेळ आली नाही. भाऊ शिकला, बोलायला लागला, त्याच ख्रिस्ती मंडळीचा पाळक झाला. परवा त्याच्या सेवेला वीस वर्षं झाली, म्हणून तो समारंभ होता.

आणि आज कपाटाच्या वरच्या टोकाला तोच होता. खालच्याच्या जोडीदाराने गेल्या महिन्यात काम सोडलं होतं. नवी माणसं लिफ्ट नसलेल्या इमारतीत यायला तयार नव्हती.

“दादा, मी येतो,” भाऊ म्हणाला होता.

“तुझे हात पानं उलटायचे.”

“पानंही जड असतात.”

“उचलून बघ मग कपाट.”

त्यांनी उचललं. पहिल्या जिन्यावर भावाने नवख्यांची चूक केलीच. हाक यायच्या आत पाऊल टाकलं. कपाट कलंडलं, खालच्याच्या खांद्यावर आलं.

“बहिरा झालास का रे? मी सांगितल्याशिवाय हलायचं नाही!”

“चुकलं.”

“चुकलं म्हणून वजन कमी होत नाही. चल. चल. वळ.”

पहिला मजला गेला. दुसऱ्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर गुडघा आतून सुटल्यासारखा झाला. अजून नऊ पायऱ्या होत्या. एरवी त्याने दात आवळून त्या काढल्या असत्या. पण वर भाऊ होता, पाठमोरा, आंधळा, फक्त त्याच्या आवाजावर उभा. गुडघा गेला असता तर कपाट दोघांना घेऊन गेलं असतं.

“थांब,” तो म्हणाला.

भाऊ जागच्या जागी थांबला. त्यांनी कपाट पायऱ्यांच्या कडांवर टेकवलं. त्याने खालून खांदा लावला, भावाने वरून कपाटाला बांधलेला पट्टा मनगटाला गुंडाळून धरला. दोघांचा घाम टपटपत होता.

“तुझ्याकडून हा शब्द पहिल्यांदाच ऐकला,” भाऊ म्हणाला.

“श्वास वाचव.”

भाऊच पुन्हा बोलला. “रविवारी येशूच्या त्या शिष्यावर, अंद्रियावर बोलायचंय. काही हाती लागत नाही. आपल्या भावाला, पेत्राला येशूकडे आणलं आणि स्वतः मागे राहिला, ह्यापुढे गाडी सरकत नाही.”

“भाकऱ्या कमी आहेत, हे कोण म्हणालं होतं?”

“कुठल्या? येशूने पाच हजारांना वाढल्या त्या पाच भाकऱ्या?” भाऊ आठवू लागला. “अंद्रियाच. एवढ्या लोकांना ह्या कशा पुरणार, असं म्हणाला.”

“म्हणाला, तरी आणल्या. आणि आणताना कमी आहेत हे लपवलं नाही. मागे राहणारा माणूस मुका असलाच पाहिजे असं नाही.” त्याने खांदा बदलला. “मी लपवलं. गुडघा जाऊन दोन वर्षं झाली. खुर्च्या मांडून घरी गेलो की संध्याकाळपर्यंत उठवत नाही.”

भावाने पट्ट्याला मनगटाभोवती आणखी एक वेढा दिला. मग, “सांगितलं का नाहीस?”

“तू माझं नाव का नाही घेतलंस परवा?”

“तूच बजावलं होतंस. सेवेला दहा वर्षं झाली तेव्हा. ‘सगळ्यांपुढे माझं नाव घेतलंस तर पुढच्या वेळी खुर्च्या तू मांड.’ मी घाबरून गप्प.”

त्याला आठवलं. असं म्हणाला होता खरा, कान लाल झालेले असताना. दहा वर्षं भावाने शब्द पाळला, आणि दोन दिवस हा त्यावर कुढत बसला.

“चल,” तो म्हणाला. “हळू. मी सांगेन तेव्हाच.”

नऊ पायऱ्यांत तो आणखी दोनदा ‘थांब’ म्हणाला. दोन्ही वेळा भाऊ थांबला. कपाट सभागृहात भिंतीला लागलं तेव्हा भाऊ जमिनीवरच बसला. तळहातांकडे बघत राहिला. सोलले होते.

खालच्याने कपाटाचं दार उघडलं. वरच्या फळीवर हात ठेवून बघितला. फळी पक्की होती. मग खिशातून किल्ली काढून भावाच्या सोललेल्या हातात दिली.

“या रविवारी नाव घे माझं.”

“आणि?”

“आणि खुर्च्या तू मांड. तासभर आधी ये. मी दाराशी बसून रांगा बघेन. वाकडी दिसली तर पुन्हा मांडायला लावीन.”

मग तो जिन्याकडे गेला. उतरताना कठडा धरला. एरवी धरत नसे.