तुमच्यात किती वाजले?

जगातल्या एकाही घड्याळावर विश्वास न ठेवता नोकरी आणि संसार पार पाडलेला माणूस मी एकच पाहिला, दौंडला आमच्या समोर राहणारे हवालदार मामा. मुळातच घाबरट जीव. कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत जायचे आणि ते ओढून बघायला परत यायचे. त्यात खात्याने त्यांना पुण्याला धाडलं, कॉम्प्युटरमधला पुरावा कसा जपायचा ते शिकायला. आठ दिवसांनी परतले ते एक वाक्य घेऊनच. "मशीनचं घड्याळ आन् आपलं घड्याळ, दोन्ही लिवायचं. मशीनबी खोटं बोलतं." झालं! एसटी स्टँडवरचं, दवाखान्यातलं, न्हाव्याकडचं, दिसेल ते घड्याळ वहीत जाऊ लागलं. रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांवर आपलं मनगटी घड्याळ लावायचे आणि दिवसभर भेटेल त्याला विचारायचे, "तुमच्यात किती वाजले?" माझ्या मेव्हणीच्या लग्नात तर मंगलाष्टकं थांबवून म्हणाले, "गुरुजी, तुमचं घड्याळ सहा मिनिटं पुढं हाय. मागनं तक्रार नको." गुरुजींनी हातातल्या अक्षता त्यांच्यावरच टाकल्या. मी तर चारचौघांत मामांची नक्कल करून दाखवायचो.

मग एक दिवस माझंच हसू पळालं. मी कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात कॉम्प्युटरवर बसायचो. तिथली एका औषधाची सगळी नोंद कुणीतरी पुसली. मशीन सांगत होतं, दुपारी दोन चाळीसला. पहिली पाळी तीनला सुटते, तोवर खुर्चीवर मीच! साहेबांनी मला घरी बसवलं, पोलिसांत तक्रार दिली, आणि मशीन जप्त करायला आले कोण, तर मामा. मला वाटलं, सुटलो. कसलं काय! मला बघून मामा गल्लीची बाजू बदलायला लागले. आमच्याकडचा रोजचा चहा बंद. बायको रडवेली होऊन त्यांच्या दारात गेली, तर आतूनच म्हणाले, "सूनबाई, ओळखीतल्या माणसाशी बोललो तर माझा पंचनामा कोण मानंल? जावा घरी." तीन आठवडे घास गोड लागला नाही. दारात जीप थांबली की मी मागच्या खोलीत जाऊन बसायचो. नोकरी तर जाणारच होती, वर कोर्टाची पायरी.

चौथ्या आठवड्यात मामा आपणहून आले. जप्तीच्या वेळी त्यांनी सवयीने दोन्ही घड्याळं लिहिली होती. कारखान्याचं मशीन पन्नास मिनिटं मागे होतं. म्हणजे नोंद पुसली गेली साडेतीनला, आणि तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये, सगळ्या पाळीसोबत. हे वर मान्य होईस्तोवर मामांनी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. मी पाया पडायला वाकलो तर ते घाबरून मागे सरकले. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. आधी सांग, तुमच्यात किती वाजले?" मला रडूच फुटलं.

परवा मामांना भेटायला शिरूरला त्यांच्या लेकीकडे गेलो. अंथरुणाला खिळलेत. घड्याळ मनगटात राहीना म्हणून लेकीने काढून ठेवलंय. मला ओळखून त्यांनी विचारलं, "किती वाजले रं?"

"सव्वाचार," मी म्हणालो आणि त्यांना खात्री करता यावी म्हणून माझं मनगटी घड्याळ त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी पाहिलंच नाही. डोळे मिटून म्हणाले, "तू म्हंतो तर असतील."