निरंक लिहिलेला रकाना

जानेवारीतला मंगळवार होता. ग्वाल्हेरला आम्ही राहतो त्या खासगी बाजार भागात एवढं धुकं, की गॅलरीतून समोरचं दुकानही दिसत नव्हतं… साडेसातला रामकलीचा फोन आला. "मैडम, सारस गिर गई. जल्दी आ जाओ."

आधी सगळं नीट सांगते. ग्वाल्हेरपासून तासाभरावर एक गाव आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या टेकडीवर गावकऱ्यांच्याच मालकीच्या तीन पवनचक्क्या उभारायच्या, असं आमचं चाललं होतं. संस्थान होतं तेव्हा ती टेकडी दरबारच्या शिकारीची. विलीनीकरणानंतर गावाच्या गुरांना मोकळी झाली. आता ती कुठल्या कंपनीला द्यायची नाही, आपणच काहीतरी करायचं, हा गावाचा हट्ट मला फार आवडला होता.

पुढाकार माझ्या धाकट्या दिरांचा, विनूभाऊजींचा. ते वीज खात्यातून रिटायर झालेले, मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून. पक्षी, वटवाघळं, आवाज, सावली… पर्यावरणाचा सगळा अभ्यास माझ्याकडे होता.

आधी वर्षभर वारा मोजायचा म्हणून टेकडीवर एक उंच मास्ट उभा केला होता, चारी बाजूंनी पोलादी तारांनी ताणून धरलेला. त्याची राखण रामकली करायची. गावातलीच, चाळिशीची, एकटी बाई.

अशा तारा पक्ष्यांना दिसत नाहीत, धुक्यात तर नाहीच. म्हणून त्यांवर रंगीत चकत्या लावायच्या, हे माझ्याच प्लॅनमध्ये होतं. चकत्या वेळेवर आल्या नाहीत. मास्ट उभारणारी माणसं मात्र इंदूरहून येऊन बसली होती. "वहिनी, उभा करून घेऊ, चकत्या मागाहून लावू," भाऊजी म्हणाले. मी परवानगीच्या कागदावर सही केली… टेकडीखालच्या तळ्यावर सारसांची जोडी आहे हे मला माहीत होतं. मीच तर ती नोंदवली होती.

पोचले तेव्हा ती तारेखाली मरून पडली होती. दोघांतली लहान, म्हणजे मादी. एक पंख खांद्यापासून लोंबत होता. रामकलीनं स्वतःची शाल काढून तिच्यावर घातली होती. नर थोड्या अंतरावर उभा होता, आम्ही जवळ गेलो तरी उडाला नाही.

"विनू साहब को भी फोन किया था," रामकली म्हणाली. "बोले, चुपचाप गाड़ दो. हमने नईं गाड़ी. पहले आप देख लो."

मी भाऊजींना फोन लावला. ते चिडले नव्हते, थकल्यासारखे बोलत होते. "वहिनी, कोळशाच्या धुरानं किती जीव जातात ते कोण मोजतं? एका पक्ष्यापायी तीन वर्षांचं काम घालवायचं का? चकत्या आल्यात, उद्या लावतो." त्यांचं सगळंच चूक नव्हतं. आणि सही माझी होती…

खरं सांगते, आम्ही ती गाडली. खड्डा रामकलीनं खणला. वनखात्याला कळवायला हवं होतं, तेही केलं नाही. घरी येऊन रिपोर्टमध्ये 'मृत पक्षी' या रकान्यात मी 'निरंक' लिहिलं. दिसलं ते लिहा, असं मुलांना शिकवण्यात माझं आयुष्य गेलं…

गुरुवारी शाळेच्या ओसरीवर गावाची मीटिंग होती. मी रिपोर्ट हिंदीत वाचून दाखवत होते. रामकली बायकांमध्ये पुढेच बसली होती. तो रकाना आला आणि तिनं मान खाली घातली… लाज मला वाटायला हवी होती, वाटत होती तिला.

मग मी कागद खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. चकत्या, सही, खड्डा. भाऊजींच्या फोनचं तेवढं नाही सांगितलं. ते उठून बाहेर गाडीत जाऊन बसले.

मला वाटलं होतं, सारस मेली म्हणून लोक भडकतील. तसं झालं नाही. एक म्हातारे बाबा अगदी शांतपणे म्हणाले, "पंछी तो मर गओ, बिटिया. अब जे बताओ, और का-का छुपाओ है?"

तळ्याचं पाणी, गुरांची चराई, पात्यांचा आवाज… आधी जे जे सांगितलं होतं, ते सगळं खरंच होतं. पण ते आता कशाच्या जोरावर पटवून देणार?

पवनचक्क्यांसाठी सभासद झालेल्यांनी एकेक करून नावं काढून घेतली. मी वनखात्यात जाऊन लेखी कळवलं, जबाब दिला. चौकशी चालू आहे. गेल्या आठवड्यात मास्ट उतरवला. नर काही दिवस तळ्यावर एकटा दिसायचा, मग दिसेनासा झाला. भाऊजी होळीला आले नाहीत, फोनही नाही.

मास्ट गेला तसं रामकलीचं कामही गेलं. परवा तिच्याकडे माफी मागायला गेले. तिनं चहा ठेवला. म्हणाली, "बता दिया, अच्छा किया. पर दो दिन लगा दिए, मैडम."

आपलं काम जाईल हे तिला त्या सकाळीच कळलं असणार. माझं काहीच जाणार नव्हतं, आणि तरी धीर मला होत नव्हता. पक्ष्यांचा अभ्यास मी केला, पण त्या पक्ष्याच्या बाजूनं उभी राहिली ती रामकली. तिचे आभार तिच्यासमोर मानता आले नाहीत, म्हणून इथे मानते.