बाकीचे पाच दिवस

गुरुवारी सकाळी साडेसहाला बाबा गेले. मेडशीत, घरी, झोपेत.

मी वाशीमला कॉलेजात ग्रंथपाल आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही.

बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता. गाठ आसपास पसरली होती, हाडांत गेली नव्हती. नागपूरच्या एका दवाखान्यात अशा रुग्णांवर चाचणी चालू होती – हार्मोनचं इंजेक्शन आणि रेडिएशन सगळ्यांना, निम्म्यांना जोडीला आणखी एक गोळी. कोणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवणार. बाबांना गोळी मिळाली.

"जिंदगीत पैल्यांदा लकी ड्रॉ लागला मले," ते सिस्टरला म्हणाले.

रेडिएशनच्या वेळी मूत्राशय भरलेलं लागतं. बाबा रोज साडेदहाला घरून नेलेला पितळी गडवा भरून पाणी पीत, अकराला मशीनखाली जात. शनिवार-रविवार मशीन बंद. वीसपैकी पंधरा दिवस झाले होते. गुरुवारी सुट्टी आली, म्हणून बुधवारी मी त्यांना घरी आणलं. त्यांना यायचं नव्हतं.

"पाचच दिस राह्यले बापू. अर्धं सोडलं तं माह्यामागून येनाऱ्याच्या काय कामाचं?"

"सोडतो कुठं बाबा? शुक्रवारी सकाळीच निघू."

ते गेले तिथे आईने दिवा लावला. शेजारी तोच गडवा, पाण्याने भरून. तेरवीपर्यंत ठेवतात आमच्याकडे.

शुक्रवारी पावणेअकराला दिव्यात तेल घालायला गेलो. गडवा रिकामा. जमीन कोरडी. मांजर असेल, म्हटलं. भरून ठेवला. शनिवारी भरलेला, रविवारीही.

सोमवारी वर ताटली झाकली आणि दारात पुस्तक घेऊन बसलो. पुस्तक उघडलंच नाही, गडव्यावरून नजर हलवली नाही. पावणेअकराला ताटली उचलली... गडव्यात थेंब नव्हता.

"राखन कायले करतं?" आई मागून म्हणाली. "पिऊ दे नं त्यायले."

मंगळवारी तेच. बुधवारी, गुरुवारी तेच. शुक्रवारपासून तेरवीपर्यंत पाणी होतं तेवढंच राहिलं.

वाफ, गळती, माझं न झोपणं – सगळं तपासून पाहिलं. गडवा गळत नाही. बाकीचं मला सांगता येत नाही.

चाचणीच्या कागदावर बाबांच्या नावापुढे पंधरा दिवसांची नोंद आहे. पुढचे पाच रकाने कोरे आहेत. गडवा माझ्याकडे आहे.